वडिलांचा अधिकार, वडिलांना जाब

मंडळीचा कारभार एकट्या पाळकाने हाकावा, की वडिलांनी, म्हणजे मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांनी, मिळून? नव्या कराराचा कल पुरेसा स्पष्ट आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या 14व्या अध्यायात पौल आणि बर्णबा मंडळी-मंडळीत वडीलवर्ग नेमतात. सुंतेचा वाद यरुशलेमेत पोहोचतो तेव्हा प्रेषितांच्या जोडीने वडीलही निर्णयाला बसतात. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर वडिलांवरील आरोपाला दोन-तीन साक्षीदार हवेत आणि पाप करत राहणाऱ्याची सर्वांदेखत कानउघाडणी व्हावी, असे सांगितले आहे. पदाला संरक्षण आहे, अभय नाही.

जिनिव्हात धर्मसुधारक कॅल्विनच्या 1541च्या नियमावलीने याची घडी बसवली: नगरसभांमधून निवडलेले 12 वडील, दर गुरुवारी पाळकांसोबत बैठक आणि वर्षअखेरीस प्रत्येकाच्या पदाचा फेरविचार. या बैठकीने घराघरांत नाक खुपसले, नाचगाण्याचीही चौकशी केली, हा आक्षेप खराच. पण तो अधिकाराच्या व्याप्तीवर आहे, सामूहिकतेवर नाही. आपल्याकडचा आक्षेप वेगळा: कमिटी आली की गटबाजी आली, निवडणुकीत भाऊबंदकी शिरली. शिरते, नाकारण्यात अर्थ नाही. मात्र एकहाती कारभारात भांडण मिटत नाही, हिशेबाच्या वहीबरोबर कपाटात बंद होते. म्हणून वडिलांना ठरावीक मुदत हवी, एका घरातले दोघे एकाच वेळी नकोत आणि जमाखर्च वार्षिक सभेत मोठ्याने वाचला जावा. त्यापायी उपासनेनंतरचा चहा निवला तरी चालेल.