कान वाजतात म्हणून तेल ओतू नका

भीमजयंती झाली की आपल्या वस्त्यांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते : कानात सुंऽऽ असं वाजतंय. कुणाचं दोन दिवसांत थांबतं, कुणाचं थांबतच नाही. थ्रेशरवर, जिनिंगमध्ये, डाळ मिलमध्ये वर्षानुवर्षं राबलेल्यांचे कान तर बारा महिने वाजतात. मग घरोघरी ठरलेला उपाय होतो. लसूण टाकून कढवलेलं तेल, कांद्याचा रस, नाहीतर रुईच्या पानाचा रस.

यातलं काहीही कानात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कानाच्या पडद्याला भोक असेल तर तेल थेट आत जातं आणि कान फुटतो, वाहू लागतो. रुईचा चीक तर कातडी भाजतो. कालामांना तथागतांनी सांगितलं, की ऐकीव आहे, परंपरेनं आलंय एवढ्यावरून काही मानू नका. विहारात आपण हे मान डोलावून ऐकतो आणि घरी आल्यावर कुणीतरी म्हणालं म्हणून लेकराच्या कानात रस पिळतो.

मुळात हा आवाज तेल पोचेल तिथला नसतोच. कानाच्या अगदी आत केसासारख्या बारीक पेशी असतात. मोठ्या आवाजानं, वयानं किंवा टीबीच्या जुन्या स्ट्रेप्टोमायसिनसारख्या इंजेक्शनांनी त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. मेंदूकडे आवाज कमी पोचू लागतो, तेव्हा मेंदू आपला व्हॉल्यूम वाढवतो. रेडिओचं स्टेशन नीट लागत नसताना आवाज वाढवला की खरखर वाढते, तसंच. ही बाहेरची बाधा नाही, वेड नाही. मांत्रिकाकडे नेण्यासारखं त्यात काही नाही.

कधीकधी कारण साधं निघतं. कानात मळ घट्ट बसलेला असतो, बी.पी. वाढलेलं असतं, अंगात रक्त कमी असतं. म्हणून आधी ग्रामीण रुग्णालयात दाखवा. एकाच कानात वाजत असेल, नाडीसारखं ठोके देत वाजत असेल, गरगरत असेल किंवा कान वाहत असेल तर अकोल्याच्या सर्वोपचारला कान-नाक-घसा विभागात जा. अचानक एका कानानं ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी निघा. तिथे उशीर झाला की ऐकणं कायमचं जाऊ शकतं.

तपासून झाल्यावरही आवाज उरला, तर घरात करण्यासारखा खरा उपाय आवाजाचाच आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. कान वाजणाऱ्याची शत्रू म्हणजे शांतता. हिवाळ्यात पंखा बंद झाला की त्रास वाढल्यासारखा वाटतो, तो यामुळेच. रात्री पंखा भिंतीकडे तोंड करून चालू ठेवा, किंवा रेडिओ बारीक लावा. मोबाईलवर पावसाचा आवाज मिळतो, तोही चालतो, फक्त इअरफोन कानात कोंबून नको. आवाज किती ठेवायचा? सोण भिक्खूला वीणेच्या तारेचा दाखला दिला होता ना, फार ताणलेली नको, फार सैलही नको, तेवढा. कानातला आवाज पूर्ण झाकायचा नाही. दोन्ही ऐकू आले पाहिजेत. काही महिन्यांत मेंदू त्या वाजण्याकडे लक्ष देणं सोडतो. आवाज जाईलच असं मी म्हणत नाही, पण झोप परत येते. हजारो रुपयांचं यंत्र विकायला कुणी आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

ऐकूही कमी येत असेल तर मात्र श्रवणयंत्रानं बऱ्याच जणांचं वाजणंही दबतं. दिव्यांगत्वाचं 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र असेल आणि उत्पन्न मर्यादेत बसत असेल, तर ते केंद्राच्या एडिप योजनेतून मिळतं.

विहारात आनापानाला बसल्यावर कान फार वाजतात म्हणून काही ज्येष्ठांनी ध्यान सोडलं आहे. त्यांनी पंख्याजवळ बसावं. ध्यान सोडायचं कारण नाही.

आता डीजेचं. 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो, असा कामगारांसाठीचा हिशेब आहे. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला फक्त पाव तास. भिंतीसारख्या रचलेल्या स्पीकरपुढे आपली पोरं चार-चार तास नाचतात. बाहेरच्यांना सगळ्या मिरवणुकांमध्ये आपल्याच मिरवणुकीचा आवाज तेवढा टोचतो, याचा राग मलाही येतो. पण कान आपल्या पोरांचे जातात, त्यांचे नाही. पोलिसांनी मीटर घेऊन यायची वाट कशाला बघायची? जयंती समितीनं पुढच्या वर्षी स्पीकरची भिंत निम्मी करावी, लहान लेकरांना मागे चालवावं आणि वर्गणीतून फोमचे कानबोळे घ्यावेत. मेडिकलवर ते स्वस्तात मिळतात. नुसता कापूस फारसा उपयोगाचा नाही. गाडीवर डीजे वाजवणाऱ्या पोरांना पहिले द्यावेत.