सरकार नावाचे पहिले गिऱ्हाईक

परदेशात उद्योग उभारलेल्या आपल्या एखाद्या मुलाचा सत्कार असला की मंडळाच्या सभागृहात एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘तिकडे सरकार कशात लुडबुड करीत नाही, म्हणून हा स्वतःच्या हिमतीवर एवढी कंपनी उभी करू शकला.’ टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ दिले जाते आणि श्रोते समाधानाने घरी जातात. मुलाच्या हिमतीबद्दल माझी तक्रार नाही. सरकारविषयीचे विधान मात्र, निदान अमेरिकेतील तंत्रज्ञानाच्या व्यवसायापुरते, वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहे. आणि हे निरुपद्रवी अज्ञान नव्हे. याच समजुतीपोटी आपण इथे नगरपालिकेला संगणकप्रणाली पुरवणाऱ्या तरुणाला ‘ठेकेदार’ म्हणून नाक मुरडतो आणि तिथे तेच काम करणाऱ्याला ‘उद्योजक’ म्हणून हार घालतो.

आधी वस्तुस्थिती पाहू. अँड्र्यू विटर्बी हे नाव मोबाइल दूरध्वनीच्या इतिहासात आदराने घेतले जाते. इटलीतील बेर्गामो येथे १९३५ साली एका ज्यू कुटुंबात जन्मलेला हा मुलगा, मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांमुळे देशोधडीला लागलेल्या आईवडिलांबरोबर १९३९ साली अमेरिकेत आला. गोंगाटातून मूळ संदेश वेचून काढण्याची त्याने १९६७ साली मांडलेली गणिती रीत आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. १९६८ साली त्याने अर्विन जेकब्स आणि लेनर्ड क्लाइनरॉक यांच्यासह ‘लिंकाबिट’ ही कंपनी काढली. या कंपनीला पहिली कामे बाजारपेठेने दिली नाहीत. ती अमेरिकेच्या लष्कराने आणि ‘नासा’ या अवकाशसंस्थेने दिली. त्या काळी उपग्रहाच्या संदेशवहनातले असले सूक्ष्म गणित विकत घेणारा दुसरा ग्राहकच नव्हता. पुढे १९८५ साली विटर्बी आणि जेकब्स यांनी इतर सहकाऱ्यांसह ‘क्वालकॉम’ स्थापन केली. तिलाही सुरुवातीच्या काळात, लघुउद्योगांच्या संशोधनासाठी सरकारी खात्यांनी राखून ठेवलेल्या निधीचा हातभार लागला होता.

दुसरे उदाहरण जाँग किम यांचे. दक्षिण कोरियातून १९७५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, कुटुंबाबरोबर मेरीलँड राज्यात आलेला हा मुलगा शाळेत असताना रात्रपाळीने दुकानात काम करीत असे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची पदवी घेऊन तो अमेरिकेच्या नौदलात दाखल झाला आणि सात वर्षे अणुपाणबुडीवरील अधिकारी म्हणून राहिला. १९९२ साली त्याने आपल्या मुलीच्या नावावरून ‘युरी सिस्टिम्स’ ही कंपनी काढली. आवाज, चित्र आणि आकडेवारी एकाच वाहिनीवरून पाठविणारी तिची यंत्रे रणभूमीवरील संदेशवहनाला उपयोगी होती, आणि तिचे आरंभीचे महत्त्वाचे गिऱ्हाईक सरकार, त्यातही संरक्षण खाते, हेच होते. अवघ्या सहा वर्षांत, १९९८ साली, ‘ल्युसेंट’ने ती कंपनी सुमारे शंभर कोटी डॉलरना विकत घेतली. २००५ साली किम प्रख्यात ‘बेल लॅब्ज’चे अध्यक्ष झाले. पाणबुडीवर सात वर्षे काढलेल्या माणसाला नौदलाची अडचण कळत होती, हे त्याचे कर्तृत्व. ती अडचण सोडविण्याचे काम एका नवख्या परदेशज माणसाला देण्याची सरकारची तयारी होती, हे त्या व्यवस्थेचे कर्तृत्व. यातले एक झाकून दुसरे सांगणे म्हणजे दंतकथा रचणे होय.

ही तयारी कोणा उदार अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली नव्हती, ती कायद्याने बांधलेली होती. अमेरिकेच्या लघुउद्योग कायद्यातील ‘एट-ए’ या कलमाखाली सामाजिक व आर्थिक दृष्ट्या मागे राहिलेल्यांच्या कंपन्यांना सरकारी कामे राखून देण्याची योजना आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस, शहराशहरांतील वांशिक दंगलींच्या पार्श्वभूमीवर, तिची सुरुवात झाली आणि १९७८ साली तिला नीट कायदेशीर रूप आले. १९८२ साली मूळ भारतीय वंशाच्या नागरिकांचा तीत समावेश झाला. राजधानी वॉशिंग्टनभोवती व्हर्जिनिया आणि मेरीलँडच्या उपनगरांत भारतीयांनी चालविलेल्या संगणक-सेवा कंपन्यांची जी दाटी झाली, तिच्यामागे या तरतुदीचा वाटा मोठा आहे. ज्यांच्या सत्कारांत सरकारच्या अलिप्ततेचे गोडवे गायले जातात, त्यांपैकी काहींच्या पहिल्या कार्यादेशावर सरकारचीच सही असते!

या योजनेच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. कंपनीची किमान ५१ टक्के मालकी पात्र व्यक्तीकडे हवी आणि कारभारही तिनेच पाहिला पाहिजे. तिच्या वैयक्तिक मालमत्तेला मर्यादा आहे. ही सवलत आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त नऊ वर्षे मिळते; त्यांतली पहिली चार वाढीची, उरलेली पाच निरोपाची. निरोपाच्या वर्षांत दरसाल वाढत्या प्रमाणात योजनेबाहेरची कामे मिळवून दाखवावी लागतात. मुलाला चालायला शिकवताना बोट धरायचे, पण ते कधी सोडायचे हेही आधीच ठरवून ठेवायचे, असा हा हिशेब आहे.

‘म्हणजे भ्रष्टाचाराला कुरण!’ असा आक्षेप येणारच, आणि तो पोकळ नाही. न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स भागातील ‘वेडटेक’ या कंपनीचे प्रकरण त्याला पुरेसे आहे. पोर्तोरिकन आईबापांचा मुलगा जॉन मारिओटा आणि रुमानियातून आलेला फ्रेड न्यूबर्गर हे तिचे भागीदार. न्यूबर्गर योजनेला पात्र नव्हता. म्हणून मालकी मारिओटाकडेच आहे असा कागदोपत्री देखावा उभा केला गेला. वशिला आणि लाच यांच्या जोरावर लष्कराची कामे मिळविली. अध्यक्ष रेगन यांनी १९८४ साली मारिओटाची जाहीर वाखाणणी केली आणि १९८६ च्या डिसेंबरात कंपनीने दिवाळे काढले. १९८८ साली या प्रकरणात मारिओ बिआजी हे काँग्रेस सदस्य दोषी ठरले. पण पुढे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. त्याच १९८८ साली कायदा बदलला गेला. ठरावीक रकमेवरील कामांसाठी योजनेतील कंपन्यांमध्येच स्पर्धा सक्तीची झाली. घराला वाळवी लागली म्हणून त्यांनी घर पाडले नाही. वाळवी लागलेला वासा बदलला. २०२३ च्या जुलैत टेनेसीतील संघ-न्यायालयाने, केवळ वंशावरून कोणाला मागास गृहीत धरणे राज्यघटनेत बसत नाही, असा निकाल दिला. त्यानंतर अर्जदाराला आपल्यावर झालेल्या अन्यायाचा वैयक्तिक वृत्तांत लिहून द्यावा लागू लागला. योजनेवर असा वाद चालणे हे तिच्या जिवंतपणाचे लक्षण मानावे.

आता आपल्याकडे वळू. राज्य शासनाच्या सेवेत असताना निविदा उघडण्याच्या टेबलामागे मी बरीच वर्षे बसलो आहे, म्हणून पुढचे अधिकाराने लिहितो. आपल्याकडे निविदेच्या पहिल्याच पानावर नवख्याचा पत्ता कापला जातो. ‘मागील तीन वर्षांत याच स्वरूपाची कामे पूर्ण केलेली असावीत.’ ‘सरासरी वार्षिक उलाढाल अमुक कोटी असावी.’ ज्याला पहिले काम हवे आहे त्याच्याकडे आधीच्या कामाचा दाखला मागायचा, म्हणजे पोहता आल्याखेरीज पाण्यात उतरू नकोस असे बजावायचे. त्यातून कोणी पार पडलाच, तर सर्वांत कमी दराची कसोटी उभी असते. कमी दर म्हणजे सार्वजनिक पैशाची बचत, हे समीकरण पोत्यातल्या सिमेंटला कदाचित लागू पडेल. पंधरा वर्षे चालावयाच्या संगणकप्रणालीला ते लागू करणे म्हणजे सर्वांत स्वस्त शल्यविशारद शोधण्यासारखे आहे. प्रत्यक्षात घडते ते असे की, जुनी मोठी कंपनी आपल्या उलाढालीच्या बळावर काम घेते, आपला वाटा कापून ते त्याच नवख्या मुलाला उपठेक्याने देते, आणि अनुभवाचा दाखला मात्र स्वतःच्या नावावर जमा करते. काम मुलाने केले. कागदोपत्री तो अननुभवीच राहिला.

‘आपल्याकडे कायदे नाहीत’ असे कोणी म्हणू नये. २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्र सरकारची खाती आणि उपक्रम यांनी ठरावीक हिस्सा सूक्ष्म व लघुउद्योगांकडून घ्यावयाचा आहे. हा हिस्सा २०१८ साली २० टक्क्यांवरून २५ टक्के केला गेला. त्यांत ४ टक्के अनुसूचित जाति-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहेत. २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत नवउद्योगांना पूर्वानुभव आणि उलाढालीच्या अटी शिथिल करण्याची मुभा आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय वित्त मंत्रालयाने दराबरोबर गुणवत्तेलाही ३० टक्क्यांपर्यंत वजन देण्याची वाट खुली केली. २००६ च्या कायद्याप्रमाणे लघुउद्योगाचे देयक ४५ दिवसांच्या आत चुकते झाले पाहिजे. न झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे लागते.

मग अडते कुठे? अडते ते ‘मुभा’ या शब्दापाशी. मुभा आहे म्हणजे वापरलीच पाहिजे असे नाही. अधिकाऱ्याने ती वापरून नवख्याला काम दिले आणि ते फसले, तर लेखाआक्षेप त्याच्या नावावर लागतो, चौकशी निवृत्तीनंतरही पाठ सोडत नाही. जुन्या कंपनीला दिलेले काम दहा वेळा फसले तरी नियमांचे पालन झाले म्हणून तो सुरक्षित. अशा स्थितीत शहाणा माणूस कोणती वाट धरील? व्याजाचेही तसेच. ज्या खात्याकडून पुढचे काम हवे आहे त्याच खात्याकडे तिप्पट व्याज मागायला कोणता लहान उद्योजक धजेल? हक्क कागदावर असतो आणि देयक नस्तीत असते.

आपल्या वाचकांना या गोष्टी नव्या वाटू नयेत. त्यांतली एक तर बेळगावचीच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून पुढे लोखंडी नांगराचा कारखाना थाटला. नगरपालिकेला विस्तारासाठी ती जागा हवी झाली आणि त्यांना बिऱ्हाड उचलावे लागले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना आपल्या संस्थानात जागा दिली, कर्जही दिले, आणि १९१० साली ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणराव तेच होते, नांगरही तोच होता. एका सत्तेने उठवले, दुसरीने बसवले. ‘सरकारचा उद्योगाशी संबंध काय?’ असे विचारणाऱ्याने हे दोन पत्ते ध्यानात ठेवावेत.

याहूनही जवळचा एक मुद्दा आहे आणि तो काहींना बोचेल. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील आपली जुनी घराणी तिथे कशी आली? गायकवाड, होळकर, शिंदे यांच्या फौजांबरोबर, दप्तरांबरोबर. इनामे, वतने, नेमणुका घेऊन. परमुलखात गेलेल्या आपल्या पूर्वजांचा पहिला आश्रयदाता दरबारच होता. त्यांच्या कर्तबगारीला त्याने उणेपणा येत नाही. पण दरबारी सनदेवर उभ्या राहिलेल्या वाड्यात बसून सरकारी कामावर उभ्या राहणाऱ्याला हिणवणे शोभत नाही. काही राज्यांच्या खरेदी नियमांत आता स्थानिक नोंदणीच्या उद्योगांना झुकते माप आहे. त्याचे स्वागत करणारे आवाज आपल्यातूनही निघतात. सीमाभागात परकेपणाची झळ ज्यांनी सोसली आणि दोनशे वर्षे राहूनही ज्यांना ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न चुकला नाही, त्यांनी तरी इंदुरात ओडिशातून आलेल्या किंवा बडोद्यात बिहारमधून आलेल्या होतकरू तंत्रज्ञाला बाहेरचा म्हणू नये. विटर्बीला आणि किमला त्यांच्या नव्या देशाने तो प्रश्न विचारून दारातूनच परत पाठवले असते, तर नुकसान त्या दोघांपुरते राहिले नसते.

मागणी मोठी नाही. प्रत्येक खात्याने आणि महानगरपालिकेने तंत्रज्ञानाच्या खरेदीतला एक लहान, निश्चित हिस्सा पहिल्यांदाच सरकारी काम करणाऱ्यांसाठी सक्तीने राखावा, ‘मुभा’ नको. सवलतीची मुदत पहिल्या दिवशीच ठरलेली असावी. उपठेक्याने काम केलेल्याच्या नावेही अनुभवाचा दाखला द्यावा. विलंबाचे व्याज मागण्याची पाळी येऊ न देता ते आपोआप देयकात चढावे. कोणाला काय काम दिले, किती दिवसांत पैसे दिले आणि काम कसे झाले, हे सर्वांना वाचता येईल असे प्रसिद्ध करावे. चोख नोंदी ठेवून प्रामाणिक निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला, काम फसले तरी, चौकशीपासून संरक्षण असावे. प्रामाणिक चूक आणि लबाडी यांतला फरक लेखापरीक्षकाला समजत नसेल, तर तो शिकवावा लागेल.

आणि मंडळांना एक विनंती. पुढच्या वेळी सत्कारमूर्तीची ओळख करून देताना त्याचे पहिले गिऱ्हाईक कोण होते, तेवढे अवश्य विचारा. उत्तर ‘सरकार’ असे आले तर ओशाळू नका. त्याच मंचावर शेजारची एक खुर्ची आपल्याच गावच्या नगरपालिकेला संगणकप्रणाली पुरवणाऱ्या, आणि अजून देयकाची वाट पाहणाऱ्या, मुलासाठी ठेवा. शाल दोघांनाही सारखीच द्यायची आहे.