मुंगीच्या घरची साफसफाई



पर्युषणाच्या आधीची गोष्ट. नातू तापाने पडलेला, माझ्या मनात जंतूंची धास्ती, आणि ओट्यावर मुंग्यांची रांग. मी विचार न करता फवारा मारला. पाच मिनिटांत ओटा मोकळा! संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले, तर तीन इंद्रियांच्या जीवांची क्षमा मागताना आवाज अडकला.

नंतर लेकीने मुंग्यांविषयी काही वाचायला दिले, ते मनातून जात नाही.

मध्य आणि दक्षिण अमेरिकेत पाने कापणाऱ्या मुंग्या आहेत. त्या पानांचे तुकडे वारुळात नेतात, त्यावर बुरशी वाढवतात आणि तीच पिल्लांना भरवतात. या बागेला एस्कोव्हॉप्सिस नावाच्या दुसऱ्या बुरशीचा धोका असतो. ती माजली की अन्न जाते, आणि अन्नाबरोबर घरही. यातल्या काही जातींच्या अंगावर पांढरा थर दिसतो. ते मेण असावे, असे पूर्वी समजत. १९९९ मध्ये कॅमेरॉन करी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की ते जिवाणू आहेत, आणि त्यांचे द्रव्य त्या घातक बुरशीला रोखते. मुंगी त्यांना अंगावर पोसते, ते तिची बाग राखतात. बाळाची टाळू घरातल्या मोठ्या बायकांनी भरावी, तसे नव्या मुंगीला हे जिवाणू मोठ्या मुंग्यांकडून मिळतात.

पण जिवाणूंवर सोपवून मुंगी स्वस्थ बसत नाही. बागेतले खराब तुकडे वेचायचे, कचरा बागेपासून दूर टाकायचा, हे काम अखंड चालू असते.

आपण मात्र स्वच्छता म्हणजे सगळे मारून टाकणे, असे धरून चाललो आहोत. मला हे पटेनासे झाले आहे. आजारपणात डॉक्टरांचे औषध घ्यायचे, हात धुवायचे, त्यात वाद नाही. पण माझ्या फवाऱ्याने नातवाचा ताप उतरणार होता का?

कुणी म्हणेल, मुंगीही त्या बुरशीचा नाश करतेच ना! करते. तिला श्राविका ठरवण्याचा माझा हेतू नाही. तिच्यापुढे दुसरी वाट नाही. आपल्याला मन आहे, विवेक आहे, म्हणून आपली जबाबदारी जास्त.

त्या रांगेच्या टोकाला काय होते, सांगू? गुळाच्या डब्याचे सैल झाकण. चूक माझी, शिक्षा त्यांना.

आता रात्री ओटा पुसून कोरडा करते, खरकटे ठेवत नाही, फटीपाशी हळदीची रेघ ओढते. तरी मुंग्या आल्याच तर पुंजणीने हळूच बाजूला करते. दहा मिनिटे जास्त लागतात. जयणा म्हणतात ती हीच असावी.

संवत्सरीला मिच्छामि दुक्कडं म्हणायचे, तर वर्षभर डब्याचे झाकणही घट्ट लावायला हवे.