दूरशिक्षणाचे विद्यार्थी कॉलेजचे नाहीत का?



राज्य सरकारने 2024 मध्ये मुलींची फी माफ केली, तेव्हा आता पैशांअभावी कोणाही मुलीचे शिक्षण थांबणार नाही, असा सूर लागला होता. निर्णय चांगलाच. पण तो आहे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या मुलींसाठी. अकोल्याच्या जुन्या शहरात, हरिहर पेठेत किंवा डाबकी रोडला राहणारी, बारावी होताच लग्न झालेली बाई मुक्त विद्यापीठात बीएला नाव घालते तेव्हा ती या निर्णयात कुठेच बसत नाही. शिलाईच्या पैशांतून तिची फी तीच भरते.

फीचे एकवेळ सोडा. खरे घोडे अडते ते शिकण्यापाशी.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. विद्यापीठ नाशिकला, अकोल्यापासून सुमारे 400 किलोमीटरवर. विभागीय केंद्र अमरावतीला. विद्यार्थ्याची गाठ पडते ती गावातल्या एखाद्या कॉलेजात चालणाऱ्या अभ्यासकेंद्राशी. मेख इथेच आहे. कॉलेज अनुदानित असेल तर प्राध्यापकांचे पगार सरकार देते, पण केंद्राचा खर्च चालतो विद्यार्थ्यांनी भरलेल्या शुल्काच्या वाट्यावर. केंद्रसंयोजकाला हे काम आपल्या तासांवर जादाचे, रविवारच्या संपर्कसत्रांत शिकवणाऱ्या समंत्रकाला मानधनापुरते. म्हणजे त्याच इमारतीत, त्याच फळ्यासमोर सोमवारी बसणारा विद्यार्थी कॉलेजचा आणि रविवारी बसणारा जणू भाडेकरू.

असा एखादा रविवार जवळून पाहावा. मोर्णा ओलांडून, लेकरू सासूकडे ठेवून बाई संपर्कसत्राला येते. गेटवरचा वॉचमन विचारतो, कोणाकडे काम आहे? एक वर्ग उघडा असतो, ग्रंथालयाला कुलूप. कार्यालयही बंद, त्यामुळे स्वाध्याय कुठे द्यायचा हे सांगायला कोणी नसते. परीक्षेचा फॉर्म नेटकॅफेत भरावा लागतो आणि ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर जातो, तो त्या वेळी एमआयडीसीत डाळ मिलच्या पाळीत. उन्हाळी परीक्षा असेल तर वर 44-45 अंशांचे ऊन. (अकोल्याचा मे महिना ज्यांनी सोसलेला नाही, त्यांनीच परीक्षांचे वेळापत्रक आखावे, असा काही नियम आहे की काय कोण जाणे.)

हा प्रश्न मूठभरांचा नाही. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार 2020-21 मध्ये देशात 4.14 कोटी विद्यार्थी उच्च शिक्षणात होते. त्यांतले 45.71 लाख दूरशिक्षणातले, आणि त्यात जवळपास 21 लाख स्त्रिया. म्हणजे ढोबळमानाने नऊ विद्यार्थ्यांमागे एक दूरशिक्षणातला.

कागदावर या विद्यार्थ्यांना न्याय मिळालेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केले, की मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या तोडीची. त्याच वर्षी एकाच वेळी दोन पदव्या करायलाही मुभा मिळाली. पदवी तोडीची, मग ग्रंथालयाचे कार्ड का नाही?

यावर ठरलेले उत्तर येते: दूरशिक्षण म्हणजे घरबसल्या डिग्री, तिथे दर्जा कसला? आक्षेप अगदीच खोटा नाही. पत्राने अभियांत्रिकी शिकवण्याचा उद्योग सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2017 च्या निकालात मोडून काढला, ते योग्यच झाले. प्रयोगशाळेवाचून इंजिनिअर घडत नाही. पण इतिहास, मराठी, वाणिज्य या विषयांना हे लागू कसे होईल? तिथे दर्जा खालावतो तो सत्रे नावापुरती होतात म्हणून. ती नीट व्हावीत यासाठी काहीच करायचे नाही आणि मग दर्जाच्या नावाने बोटे मोडायची, हे चालणार नाही.

दुसरा आक्षेप प्राध्यापकांचा, आणि तो रास्त आहे. जागा रिकाम्या, बराच भार तासिका तत्त्वावरच्या मंडळींवर, त्यांचे मानधनही वेळेवर नाही. त्यांच्याच डोक्यावर रविवार का लादायचा? लादू नयेच. अनुदानित कॉलेजातील अभ्यासकेंद्राचे काम सरकारने कार्यभारात धरावे, संपर्कसत्रांचे तास तासिकांच्या दरानेच तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना द्यावेत. त्यांनाही चार पैसे मिळतील.

ज्या वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी 1932 मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली ती शेतकऱ्यांच्या पोरांसाठी, तिथे ही मागणी अवाजवी वाटू नये. जुन्या शहरात तर उर्दू शाळांतून बारावी झालेल्या मुलीही आहेत. उर्दूतून दूरशिक्षण हवे तर त्यांना हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाचा रस्ता आहे; घराजवळच्या कॉलेजात उर्दू जाणणारा एखादा समंत्रक असायला काय हरकत आहे?

पुढच्या प्रवेशांपूर्वी अमरावतीच्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाने एवढे तरी करावे: विभागातल्या कोणकोणत्या अनुदानित कॉलेजात अभ्यासकेंद्र आहे, तिथे ग्रंथालय रविवारी किती ते किती उघडे राहील आणि संपर्कसत्रांचे वेळापत्रक काय, याची यादी जाहीर करून प्रत्येक कॉलेजच्या गेटवर लावावी. वॉचमनलाही एक प्रत द्यावी.

— एक वाचक, जुने शहर, अकोला