किंमत खेळाची की वेष्टनाची?

अमेरिकेतील डॅलस शहरातल्या हेरिटेज ऑक्शन्स या लिलावगृहात जुलै २०२१ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने दोन विक्रम नोंदले गेले. ९ जुलै रोजी ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या व्हिडिओ गेमच्या एका सीलबंद प्रतीला ८ लाख ७० हजार डॉलर मिळाले. ११ जुलै रोजी ‘सुपर मारिओ ६४’ची एक प्रत १५ लाख ६० हजार डॉलरना, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेअकरा कोटी रुपयांहून अधिक रकमेला विकली गेली. एखाद्या व्हिडिओ गेमला दहा लाख डॉलरहून अधिक किंमत येण्याची ती पहिलीच वेळ. जगभर त्याचा गाजावाजा झाला. मात्र त्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला. ‘सुपर मारिओ ६४’ हा खेळ १९९६ मध्ये बाजारात आला आणि त्याच्या सुमारे १ कोटी १९ लाख प्रती खपल्या. इतक्या मोठ्या संख्येने घरोघरी पोहोचलेली वस्तू दुर्मीळ कशी ठरते?

उत्तर सरळ आहे. त्या दिवशी विकला गेला तो खेळ नव्हताच. विकले गेले ते न उघडलेले वेष्टन आणि त्याच्या निर्दोषपणाची ग्वाही देणारा एक आकडा. जुन्या कार्ट्रिजच्या बाजाराची सारी भरभराट आणि त्यातले सारे वाद या एका फरकातून जन्माला आले आहेत.

कचऱ्यातून लिलावात

कार्ट्रिज म्हणजे प्लास्टिकच्या कवचात बसवलेली सर्किटची छोटी पट्टी. तिच्यावरील चिपमध्ये खेळाचा प्रोग्रॅम साठवलेला असतो. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील मुले तिला सर्रास ‘कॅसेट’ म्हणत. ही जपून ठेवण्याची वस्तू आहे, असे तेव्हा ना ग्राहकांना वाटत होते, ना उत्पादकांना. खोके त्याच दिवशी फाडले जाई, माहितीपुस्तिका हरवे, आणि खेळाचा कंटाळा आला की कार्ट्रिज दुसऱ्याला दिली जाई.

उत्पादकांच्या बेफिकिरीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अटारी या कंपनीचे. ‘ई. टी.’ या गाजलेल्या चित्रपटावर बेतलेला खेळ तिने १९८२च्या नाताळासाठी अवघ्या पाच-सहा आठवड्यांत तयार करवून घेतला. तो सपशेल आपटला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला आणि सप्टेंबर १९८३ मध्ये अटारीने न खपलेला माल न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो येथील कचराभूमीत पुरला. एका माहितीपटाच्या निमित्ताने एप्रिल २०१४ मध्ये ती जागा खणली गेली. वर आलेल्या सुमारे १,३०० कार्ट्रिजपैकी ८८१ विकून त्या शहराला १ लाख ७ हजार डॉलरहून अधिक उत्पन्न मिळाले. कंपनीने फेकून दिलेल्या मालाला ३१ वर्षांनी असा भाव आला. खेळ तोच होता. त्याला एक कहाणी तेवढी चिकटली होती.

खरी दुर्मीळताही या क्षेत्रात आहे, आणि ती बहुधा अपघाताने निर्माण झालेली असते. निन्तेन्दोने १९९० मध्ये अमेरिकेत भरवलेल्या ‘निन्तेन्दो वर्ल्ड चॅम्पियनशिप्स’साठी खास कार्ट्रिज तयार केल्या होत्या. त्यांतील करड्या रंगाच्या ९० स्पर्धकांना देण्यात आल्या आणि सोनेरी रंगाच्या केवळ २६ कंपनीच्या मासिकातील स्पर्धेद्वारे वाटण्यात आल्या. ‘स्टेडियम इव्हेंट्स’ची गोष्ट अधिक बोलकी आहे. बंडाई कंपनीने १९८७ मध्ये पायांनी खेळायच्या चटईसह हा खेळ अमेरिकेत आणला. पुढच्या वर्षी निन्तेन्दोने त्या चटईचे हक्क घेतले आणि जवळजवळ तोच खेळ ‘वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट’ या नव्या नावाने विकला. परिणामी जुन्या नावाच्या फारच थोड्या प्रती ग्राहकांच्या हाती राहिल्या. आज नव्या नावाची कार्ट्रिज किरकोळ पैशांत मिळते, तर जुन्या नावाच्या प्रतीसाठी हजारो डॉलर मोजावे लागतात. पडद्यावर धावणारा खेळाडू मात्र दोन्हींत सारखाच धावतो.

आकड्याची सत्ता

अपघाती दुर्मीळतेला मर्यादा असतात. अशा वस्तू मोजक्या असतात आणि त्या कोणाकडे आहेत हे जाणकारांना ठाऊक असते. त्यावर मोठा बाजार उभा राहत नाही. तो उभा राहण्यासाठी सर्वत्र आढळणाऱ्या वस्तूतही उतरंड निर्माण करावी लागते. हे काम प्रतवारी करणाऱ्या संस्थांनी केले. २०१८ पासून काम करू लागलेली वाटा गेम्स ही त्यांतली प्रमुख. ग्राहकाने पाठवलेली प्रत तपासून तिच्या स्थितीला दहापैकी गुण द्यायचे, प्लास्टिकच्या वेष्टनाच्या अवस्थेला स्वतंत्र श्रेणी द्यायची आणि प्रत पारदर्शक पेटीत कायमची बंद करायची, ही तिची पद्धत. कोट्यवधी प्रती खपलेल्या खेळातही ‘९.८’ गुणांच्या प्रती बोटांवर मोजण्याइतक्या निघतात आणि दुर्मीळता तयार होते.

या पद्धतीचा एक फायदा नाकारता येणार नाही. बनावट लेबले, स्वस्त चिप बसवलेल्या नकली कार्ट्रिज आणि नव्याने सीलबंद केलेली जुनी खोकी यांचा या धंद्यात सुळसुळाट आहे. कवच उघडून आतली पट्टी पाहणे हा कार्ट्रिज पारखण्याचा खात्रीचा मार्ग. पण सीलबंद प्रतीबाबत तो बंदच असतो. अशा वेळी त्रयस्थ तपासनीसाची गरज भासणे स्वाभाविक होते.

प्रश्न त्रयस्थपणाचाच होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची वाटाने प्रतवारी केलेली एक प्रत १ लाख १५० डॉलरना विकली गेली आणि या बाजाराकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले. ती एकत्रितपणे विकत घेणाऱ्या तिघांमध्ये हेरिटेज ऑक्शन्सचे सहसंस्थापक जिम हॅल्परिन हे एक होते. याच लिलावगृहात नंतरचे विक्रम झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये कार्ल जॉब्स्ट यांनी यूट्यूबवरील तपशीलवार चित्रफितीत या हितसंबंधांवर बोट ठेवले आणि भाव कृत्रिमरीत्या फुगवले गेल्याचा आरोप केला. वाटा आणि हेरिटेज या दोघांनीही तो फेटाळला. मे २०२२ मध्ये वाटाविरुद्ध कॅलिफोर्नियातील न्यायालयात ग्राहकांच्या वतीने सामूहिक दावाही दाखल झाला. आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे. तथापि भाव ठरवणारे, भाव मिळवून देणारे आणि भावात गुंतलेले लोक एकमेकांच्या इतके निकट असतील, तर संशयाला जागा राहणारच.

असा अनुभव अमेरिकेला नवा नव्हता. १९८६ मध्ये नाण्यांच्या प्रतवारीसाठी पीसीजीएस ही संस्था सुरू झाली. बंद पेटीतील, आकडा चिकटवलेले नाणे पारखण्यासाठी नाणकशास्त्र येण्याची गरज उरली नाही. गुंतवणूकदारांचा लोंढा आला, १९८९ मध्ये भाव शिखराला पोहोचले आणि मग कोसळले. जुलै २०२१ मध्ये वाटा ज्या समूहाने विकत घेतली, तो कलेक्टर्स युनिव्हर्स हा समूह पीसीजीएसचाही मालक आहे.

महासाथीच्या काळात घरी बसलेली, हाती पैसा असलेली आणि बालपणाच्या आठवणींत रमणारी पिढी या बाजाराला आयतीच मिळाली. रॅली या कंपनीने तर संग्राह्य वस्तूंचे शेअरसारखे हिस्से विकायला काढले. २०२० मध्ये तिने १ लाख ४० हजार डॉलरना घेतलेली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची प्रत ऑगस्ट २०२१ मध्ये २० लाख डॉलरना गेली. त्यानंतर मात्र बाजार थंडावला. शिखरावर खरेदी करणाऱ्यांचे हात पोळले, आणि ज्यांना खरोखर खेळायचे होते त्या साध्या संग्राहकांनाही दरम्यानच्या भाववाढीची झळ सोसावी लागली.

जतनाचा प्रश्न

भारतीय वाचकाला या बाजाराची एक बाजू परकी वाटेल. इथे मूळ जपानी यंत्रे क्वचितच आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून घराघरांत पोहोचल्या त्या त्यांच्या नकला आणि एकीत शेकडो खेळ असल्याचा दावा करणाऱ्या कॅसेट. त्या मुले एकमेकांत बदलून घेत आणि चालेनाशा झाल्या की फुंकर मारून पुन्हा लावत. प्रतवारीच्या दृष्टीने त्यांची किंमत शून्य. तरीही एका पिढीची करमणूक कशी होती, याचा तो अस्सल पुरावा आहे. बाजार ज्याला मोल देतो आणि इतिहासाला ज्याचे मोल असते, त्या वस्तू एकच असतील असे नाही.

ही तफावत सर्वत्र आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०१० पूर्वी त्या देशात आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. दुसरीकडे कार्ट्रिजचे आयुष्य सरत चालले आहे. खेळातील प्रगती जपून ठेवण्यासाठी १९८७च्या ‘झेल्डा’सारख्या अनेक कार्ट्रिजमध्ये छोटी बॅटरी असते, ती संपली की नोंदी पुसल्या जातात. ती बदलायची तर कवच उघडावे लागते, आणि सीलबंद प्रतीचे वेष्टन फाडले की लाखोंची किंमत हजारांवर येते. म्हणजे प्रत जितकी महाग, तितकी तिची देखभाल अशक्य. पेटीतली प्रत चालते की नाही, हेही तिच्या मालकाला कळू शकत नाही.

या स्थितीत ग्रंथालये आणि संग्रहालये यांच्यावरच भिस्त राहते. परंतु बाजारातून हद्दपार झालेले खेळ संशोधकांना दूरस्थपणे उपलब्ध करून देण्याची त्यांची मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. जुना चित्रपट किंवा दुर्मीळ ग्रंथ अभ्यासणाऱ्याला आज जी सोय अनेक ठिकाणी मिळते, ती खेळाच्या अभ्यासकाला नाही. उत्पादक विकत नाहीत, कायदा वाचू देत नाही आणि संग्राहक उघडत नाही, अशी ही तिहेरी कोंडी आहे.

संग्राहकांना सरसकट दोष देणे अन्यायाचे ठरेल. कंपन्यांनी कचऱ्यात टाकलेले पुष्कळसे साहित्य छंदिष्टांच्या कपाटांमुळेच वाचले आहे. फरक करायचा तो वस्तूची माहिती असणारा छंदिष्ट आणि केवळ आकडा पाहणारा गुंतवणूकदार यांच्यात. प्रतवारी करणाऱ्यांचे हितसंबंध जाहीर होणे आणि लिलावगृहाशी संबंधित व्यक्तींची खरेदी नोंदली जाणे, या किमान अटी कोणत्याही प्रामाणिक बाजाराला जड जाऊ नयेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे विक्रीतून बाद झालेले खेळ अभ्यासासाठी खुले करणारी तरतूद कायद्यात हवी. ‘सुपर मारिओ ६४’ची काळजी करण्याचे कारण नाही, निन्तेन्दोच्या सशुल्क सेवेवर तो आजही खेळता येतो. काळजी आहे ती लिलावात कधीच न येणाऱ्या, कोणीही सीलबंद करून न ठेवलेल्या हजारो खेळांची. त्यांना भाव नाही, म्हणून वालीही नाही.