'वसाहतकालीन' म्हणजे कोणाचे? इसामालच्या एका दिवसाच्या सहलीविषयी

१/
मेक्सिकोच्या युकातान राज्याची राजधानी मेरिदा. तेथून पूर्वेस साधारण ७० किलोमीटरवर इसामाल नावाचे लहानसे शहर आहे. सकाळी निघावे, दुपारी तेथे जेवावे आणि दिवेलागणीला परतावे, अशा सहलीसाठी ते प्रसिद्ध. प्रवासी पुस्तिकांनी या शहराला एकच विशेषण बहाल केले आहे: 'वसाहतकालीन'. आक्षेप आहे तो या विशेषणाला.

२/
सहलीचा क्रम ठरलेला असतो. चौकात उतरायचे. पिवळ्याधमक भिंती आणि त्यांच्या पांढऱ्या कडा यांच्यासमोर छायाचित्रे काढायची. टोपी घातलेला घोडा जुंपलेल्या बग्गीतून एक फेरी मारायची. मग चढणीच्या वाटेने फ्रान्सिस्कन मठात जायचे. तेथे कमानींनी वेढलेले भव्य प्रांगण आणि 'व्हॅटिकनच्या सेंट पीटर चौकानंतर हेच मोठे' हे वाटाड्याचे ठेवणीतले वाक्य. पुढे कोचिनिता पिबिल, म्हणजे आंबट नारिंगाच्या रसात मुरवून केळीच्या पानात शिजवलेले डुकराचे मांस. त्यानंतर वेळ उरलाच तर 'जवळ एक पिरॅमिडही आहे'.

३/
'वेळ उरलाच तर' या तीन शब्दांनी सगळा इतिहास उलटा टांगला आहे. तो 'जवळचा पिरॅमिड' म्हणजे किनिच काकमो. त्याच्या पायथ्याची एकेक बाजू दोनशे मीटरच्या आसपास, उंची सुमारे ३४ मीटर. आकारमानाने तो मेक्सिकोतील सर्वांत मोठ्या प्राचीन वास्तूंपैकी एक आहे. चौकापासून चालत काही मिनिटांत तेथे पोहोचता येते. घरांच्या रांगेमागे एखादी टेकडी असावी तसा तो उभा आहे, आणि पुष्कळ प्रवासी त्याला टेकडी समजूनच परततात.

४/
इसामालला 'टेकड्यांचे शहर' असेही म्हणतात. मात्र यातली एकही टेकडी निसर्गाने केलेली नाही. इसवी सनापूर्वीच्या शतकांपासून माया लोकांनी येथे दगडावर दगड रचून हे चौथरे उभे केले. येथून निघालेला एक 'साक्बे', म्हणजे चुनखडीचा पांढरा उंच रस्ता, सुमारे ३० किलोमीटरवरच्या आके या नगरापर्यंत जात असे. सतराव्या शतकात बेर्नार्दो दे लिसाना या फ्रान्सिस्कन लेखकाने नोंदवून ठेवले आहे की, चारही दिशांनी यात्रेकरू इसामालला येत आणि भर दुपारी किनिच काकमो हा देव अग्निरूपी पोपटाच्या रूपात उतरून नैवेद्य भस्म करी. स्पॅनिश लोकांनी वसवलेले हे शहर नव्हे. त्यांनी जिंकले ते एक तीर्थक्षेत्र होते.

५/
मठाकडे नेणारी चढण कशाची, हा प्रश्न सहलीत क्वचितच कोणी विचारतो. सपाट चुनखडीच्या युकातानमध्ये मठाला अशी उंच जागा मिळाली कोठून? उत्तर पायाखालीच आहे. संत अंतोनियो दे पादुआचा हा मठ पाप्होल्चाक नावाच्या माया चौथऱ्यावर उभा आहे. वरचे मंदिर पाडले गेले, त्याचे दगड भिंतींत गेले. राबणारे हात अर्थात मायांचेच. १५६१ च्या सुमारास काम पुरे झाले.

६/
दिएगो दे लांदा हा त्या मठाशी जवळून जोडलेला धर्मगुरू. आपल्या ग्रंथात त्याने इसामालच्या प्राचीन इमारतींची मनापासून प्रशंसा केली आहे, त्यांतील एकीचा आराखडाही काढून ठेवला आहे. त्याच ओघात तो सांगतो की, १५४९ मध्ये एका इमारतीवर मठ स्थापन झाला तो इंडियन लोकांच्या आग्रहावरून. हे विधान सावकाश वाचण्यासारखे आहे. पराभवाला, करभाराला आणि साथीच्या रोगांना तोंड देणारे लोक आपले देवस्थान आपण होऊन देऊ करतात आणि घेणारा ते केवळ त्यांच्या आग्रहाखातर स्वीकारतो! जेत्यांच्या दफ्तरांत 'आग्रह' या शब्दाखाली काय काय दडलेले असते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

७/
आता मानीकडे वळू. इसामालच्या सहलीत मानी नसते, पण मानीशिवाय इसामालचा मठ समजत नाही. १५६२ मध्ये मानीजवळच्या एका गुहेत मूर्ती आणि मानवी कवट्या सापडल्या. लांदा तेव्हा प्रांताचा फ्रान्सिस्कन प्रमुख होता. युकातानमध्ये बिशप हजर नव्हता, म्हणून बिशपचे अधिकार लांदाने स्वतःकडे घेतले आणि चौकशी आरंभली. मनगटांना दोर बांधून माणसांना टांगणे, ही त्या चौकशीची नित्याची रीत.

८/
१२ जुलै १५६२ रोजी मानीच्या मठासमोर जाहीर दंडविधी झाला. हजारो मूर्ती फोडल्या आणि जाळल्या गेल्या. त्यांच्यासोबत गेली माया लिपीतील पुस्तके: झाडाच्या सालीच्या कागदावर चुन्याचा लेप देऊन रंगवलेली, घडीघडीने उलगडणारी. पुढे झालेल्या सरकारी चौकशीत साडेचार हजारांहून अधिक माणसांचा छळ झाल्याचे आणि १५८ जण त्यामुळे मृत्यू पावल्याचे नोंदले गेले. पुस्तके जाळल्याची कबुली लांदाच्याच ग्रंथात आहे; त्या लोकांना त्याचे अतोनात दुःख झाले, हेही त्यानेच लिहिले आहे.

९/
त्याच वर्षी आलेला बिशप फ्रान्सिस्को दे तोराल स्वतः फ्रान्सिस्कन होता. लांदाची ही करणी त्यालाही मान्य झाली नाही. त्याने कैद्यांना सोडले. लांदाला उत्तर देण्यासाठी स्पेनला जावे लागले आणि तेथेच, १५६६ च्या सुमारास, त्याने युकातानवरील आपला ग्रंथ सिद्ध केला. अखेरीस तो दोषमुक्त ठरला आणि तोरालच्या मृत्यूनंतर त्याच युकातानचा बिशप होऊन परतला. इसामालमध्ये आज त्याचा पुतळा आहे.

१०/
येथे एक युक्तिवाद हमखास येतो: 'लांदाने जाळले खरे, पण माया संस्कृतीची माहितीही त्यानेच जपली.' यात तथ्य आहे. १८६० च्या दशकात त्याच्या ग्रंथाची प्रत माद्रिदमध्ये सापडून प्रसिद्ध झाली. त्यातील तथाकथित 'माया वर्णमाले'चा आधार घेऊन १९५२ मध्ये सोव्हिएत विद्वान युरी क्नोरोझोव्ह याने लिपीच्या उलगड्याची दिशा दाखवली. पण ज्याने घर जाळले त्याच्याच वहीत भांड्यांची यादी सापडली, म्हणून त्याला घराचा राखणदार म्हणायचे काय? शिवाय ती माहिती त्याची स्वतःची नव्हती. नाची कोकोम आणि गास्पार अंतोनियो ची हे जाणकार माया पुरुष त्याचे माहितीदार होते. पुतळा मात्र लांदाचा.

११/
याच्या उलट टोकाची चूकही टाळली पाहिजे. समाजमाध्यमांवर मानीचा प्रसंग 'स्पॅनिश इन्क्विझिशन'च्या नावावर खपवला जातो. मेक्सिकोत त्या धर्मन्यायालयाची रीतसर स्थापना झाली १५७१ मध्ये, मानीनंतर नऊ वर्षांनी, आणि मूळ रहिवाशांवर त्याचा अधिकार चालत नसे. गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेल्या धर्मन्यायालयाचा कारभार वेगळा होता. तेथे नवख्रिस्ती झालेले स्थानिक लोक थेट कचाट्यात येत. राग धरायचा तर अचूक तपशिलासह धरावा. अन्यथा पुढचा माणूस एक चूक दाखवून सगळेच नाकारून मोकळा होतो.

१२/
गोव्याचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट तेथील वाचकाला लगेच जाणवेल. पणजीच्या फोंतेन्यसमधील रंगीत भिंतींपुढे चाललेली छायाचित्रणाची लगबग आणि इसामालच्या पिवळ्या भिंतींपुढची लगबग यांत फारसा फरक नाही. 'मोहक जुने जग' हा माल दोन्हीकडे सारखाच विकला जातो.

१३/
आणि तो पिवळा रंग! प्रवासी त्याला सोळाव्या शतकाचा वारसा समजून न्याहाळतात. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९९३ च्या भेटीनिमित्त शहराला हा एकसारखा रंग दिला गेला, असे त्या शहरातच सांगितले जाते. ज्या 'वसाहतकालीन' दर्शनासाठी लोक येतात, त्यातला सर्वांत डोळ्यांत भरणारा भाग असा आपल्याच काळातला निघतो. याउलट, १८४० च्या दशकात फ्रेडरिक कॅथरवूडने येथील एका पिरॅमिडच्या पायथ्याशी असलेला गचकामातला प्रचंड मुखवटा चितारला होता. तो मुखवटा आज उरलेला नाही. नवा रंग जपला जातो आणि जुने शिल्प चित्रापुरते राहते, यावरून काय विकले जाते याचा अंदाज येतो.

१४/
पर्यटनाच्या जाहिरातींत इसामालला 'तीन संस्कृतींचे शहर' म्हणतात: माया, वसाहतकालीन आणि आधुनिक. सूत्र कानाला गोड आहे, पण त्यात माया ही पहिली, म्हणजे होऊन गेलेली पायरी ठरते. प्रत्यक्षात युकातान राज्यात आजही पाच लाखांहून अधिक लोक माया भाषा बोलतात. बग्गी हाकणारा, मक्याची भाकरी थापणारी, बाजारात लिंबे विकणारी माणसे त्या 'पहिल्या' संस्कृतीतच जगत आहेत. त्यांना भूतकाळात ढकलण्याचे काम त्या तीन कप्प्यांनी बिनबोभाट केले आहे.

१५/
'मग मठही पाडायचा का?' असा उपरोधिक प्रश्न येतो. मुळीच नाही. त्या मठातील इसामालची माता युकातानची संरक्षक देवता मानली जाते. तिची मूळ मूर्ती लांदानेच ग्वातेमालातून आणवली होती. १८२९ च्या आगीत ती नष्ट झाली आणि तिची जागा मेरिदातील तिच्या जोडमूर्तीने घेतली. पायी येणाऱ्या माया भाविकांची ती आज स्वतःची माता आहे. जेथे त्यांचे पूर्वज देवदर्शनाला येत, तेथेच तेही येतात. ही गोष्ट जेत्याच्या विजयाहून कितीतरी अधिक गुंतागुंतीची आहे आणि 'वसाहतकालीन' या विशेषणात ती मावत नाही.

१६/
त्या विशेषणाचा आणखी एक दोष म्हणजे ते अन्यायालाही मुदत घालून देते. मेक्सिको १८२१ मध्ये स्वतंत्र झाला. म्हणजे वसाहतकाल संपला, हिशेब मिटला! पण १८४७ मध्ये मायांचा मोठा उठाव पेटला आणि त्यात पकडलेल्या मायांना क्युबातील उसाच्या मळ्यांसाठी विकण्याचा धंदा स्वतंत्र मेक्सिकोच्या भूमीवरून चालला. १८६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेसने त्यावर बंदी आणली. त्याच वर्षी सिसाल बंदराजवळ बुडालेली 'ला उनियोन' ही आगबोट अशीच माणसे नेणारी होती. तिच्या अवशेषांची ओळख २०२० मध्ये जाहीर झाली.

१७/
त्यानंतर आला घायपाताच्या कुळातल्या एनेकेनचा, 'हिरव्या सोन्या'चा काळ. दोरखंडांसाठी लागणाऱ्या या वाखाने युकातानचे मळेवाले गडगंज झाले आणि कर्जाच्या फासात अडकलेले माया मजूर पिढ्यान्‌पिढ्या मळ्यांना बांधले गेले. उत्तरेतल्या सोनोरातून हद्दपार केलेले याकी लोकही येथेच आणून राबवले गेले. त्यांपैकी कित्येक मळ्यांचे वाडे आता आलिशान हॉटेले आहेत. त्यांनाही पुस्तिका 'वसाहतकालीन वैभव' म्हणतात, जरी त्यांची भरभराट स्वातंत्र्यानंतरची आहे. निदान कालगणना तरी बरोबर असावी.

१८/
रोजगाराचा मुद्दा खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. २००२ मध्ये इसामाल सरकारच्या 'जादुई गावे' या योजनेत आले, आता माया रेल्वेचे स्थानकही झाले. पाहुण्यांवर अनेक घरांची चूल पेटते. पण किनिच काकमोकडे आधी नेल्याने कोणाची बग्गी रिकामी राहणार आहे? पाहुणा दोन तास अधिक थांबला तर एक जेवण अधिक विकले जाईल. खोटा क्रम लावल्याशिवाय धंदा चालत नाही, हे अजून कोणी दाखवून दिलेले नाही.

१९/
तेव्हा जाणाऱ्याने क्रम उलटा करावा. ऊन चढण्यापूर्वी किनिच काकमोच्या माथ्यावर पोहोचावे. तेथून दक्षिणेला मठ दिसतो. तो कशावर उभा आहे हे तेथूनच नीट कळते, कारण दोन्ही उंचवटे एकाच नगराचे आहेत. मग मठात जावे, भिंतींतले कोरीव दगड शोधावेत, मातेपुढे बसलेल्यांना छायाचित्राचा विषय न करता थोडा वेळ शांत बसावे. कोचिनिता पिबिल अवश्य खावे. 'पिब' म्हणजे जमिनीतली भट्टी, हा शब्द मायाच आहे.

२०/
दुसरा दिवस हाताशी असेल तर मेरिदाहून सुमारे १०० किलोमीटर दक्षिणेस मानी आहे. २०२० पासून तेही 'जादुई गाव' आहे आणि पुष्कळ प्रवासी तेथे पोक चुक नावाचे भाजलेले मांस खाण्यासाठी जातात. मठासमोरचे मैदान अजून मोकळेच आहे. त्या वर्णनाची जी माया पुस्तके आज जगात उरली आहेत, त्यांची संख्या चार: एक ड्रेस्डेनला, एक पॅरिसला, एक माद्रिदला आणि चौथे, ज्याच्या अस्सलपणावर २०१८ मध्ये शिक्कामोर्तब झाले, ते मेक्सिको सिटीत. युकातानमध्ये एकही नाही.