रमाबाईंचे ख्रिस्तीपण

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. तो का घेतला याचा खल आमच्या लोकांनी पुष्कळ केला. त्या धर्माने बाईंकडून काय करवून घेतले, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. लंडनात फुलम येथे, समाजाने टाकलेल्या स्त्रियांची शुश्रूषा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी बाईंनी पाहिल्या. ही करुणा कोठून आली, असे विचारता त्यांना ख्रिस्ताची व शोमरोनी स्त्रीची कथा ऐकविण्यात आली. आयुष्य कशाकरिता वेचावे, याचे उत्तर त्यांस तेथे गवसले.

पुढे शारदासदनातील मुलींच्या धर्मांतराचा वाद माजला व १८९३ साली रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले. पालकांची ती तक्रार निराधार होती, असे आम्हीही म्हणणार नाही. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन निराश्रित मुलींस केडगावी आणणाऱ्या बाईच होत्या. (स्वतःचे आईबाप त्यांनी दुष्काळातच गमावले होते.) केडगावी त्या मुली शेती, विणकाम, छापखान्याचे काम शिकल्या.

बाई बाटल्या म्हणणाऱ्या आमच्या वकील-व्यापारी बंधूंपैकी किती जण त्या साली मध्यप्रांताच्या गाडीत बसले होते?